रकाना सातवा

सातव्या रकान्यात विचारलंय : रोज किती पाणी पिता?
उत्तर लिटरमध्ये.
वेळणे बंदरावर लिटर असतो तो डिझेलचा,
म्हणून मी तांब्यात विचारते.

हौसा पावसे पहाटे चारपासून बर्फ फोडते.
टोपलीतून झिरपलेलं तिच्या मानेवरून पाठीत उतरतं,
त्यात घाम किती नि म्हावऱ्याचं किती
तिलाच ठाऊक नाही.
"किती तांबे, मावशी?"
"निगताना अर्धा. मग चाय झाली तर चाय."
"आणि दिवसभर?"
ती गाल फुगवून दाखवते. आत आमसूल.
"चघळत नाय हां, नुसता धरायचा. तोंड वला ऱ्हातो."

डॉक्टरांनी सकाळी सांगितलेलं मी वहीतून वाचते :
अंगमेहनत, ऊन, ही असली दमट हवा,
साडेतीन लिटर तरी हवंच,
तहानेची वाट बघू नये, थोडं थोडं घ्यावं,
लघवी सुकल्या गवतासारखी फिकी दिसली पाहिजे.

जैतून कोळंबी सोलतेय. बोटं थांबत नाहीत.
"रंग बघायला आधी जागा तर दे, ताई."

कुणीतरी फिसकन हसतं, मग सगळ्याच.
हनुवटीनंच ती दाखवते मला :
समोर होड्या, मागे लिलाव,
वाटेवर टेम्पोवाले बिड्या ओढत.
पलीकडे निळं दार, दोन वर्षांपूर्वी नारळ फोडून उघडलेलं.
आत आता फाटकी जाळी. किल्ली सोसायटीच्या कारकुनाकडे,
कारकून दुपारी जेवायला जातो तो जातोच.
"बाप्यांना अख्खा दर्या मोकळा.
आमी काळोख पडायची वाट बघतो."

हौसाला उन्हाळी लागते, दर चैत्रात, न चुकता.
गेल्या साली मुतखडा. तो तिनं पुडीत ठेवलाय,
वाटाण्याएवढा, दाखवू का म्हणते.

मी लिहिते : दीड तांब्या.
खोडते. लिटर करते. पाऊण, एक, काहीतरी.
शेरा म्हणून एक अरुंद पट्टी आहे कागदाच्या कडेला,
तिथं लिहिते : आतून कडी लागेल असं एक दार.
एवढं मावत नाही, 'दार' खालच्या रकान्यात घसरतं,
धूम्रपानाच्या.

साडेपाचची एसटी. दापोलीपर्यंत पाऊण तास,
स्टँडवरचं ते तर विचारूच नका.
पिशवीत माझी बाटली, सकाळी भरलेली,
शिबिराचं स्टिकर लावलेली : पाणी प्या, निरोगी राहा.
घसा कोरडा पडलाय बोलून बोलून.
झाकण उघडते.
ओठ ओले करते,
लावते.