साल

नुओरोच्या दवाखान्यात दोन फिल्म उजेडाला लावलेल्या.
भाची गाविनाच्या मेंदूत पांढरे डाग,
पिठाचे हात झटकावेत तसे.
एकोणिसाव्या वर्षी एमएस झाला तिला.
माझ्यात मोजून चार. मला गाठलं बावन्नाव्या वर्षी.

तरी पोरगी जिना चढून आली
आणि मी काठी शोधतेय.

डॉक्टर म्हणाले, मेंदू आटतोय तुमचा, बोनारिया.
जुना अक्रोड कवचात वाजतो, तसा?
ते हसले नाहीत.

भाऊ कॉर्क-ओकची साल काढायचा,
उघड्या खोडावर पांढऱ्या रंगात साल लिहायचा.
तरण्या झाडाचं लाल अंग
नवी साल धरतं, म्हणायचा;
म्हाताऱ्याला कुऱ्हाड जपून लाव.

गाविना वाकून माझ्या बुटाची नाडी बांधते.
तिची बोटं
आज ऐकतायत.