कारवानी

जळकोटच्या तांड्यावर थावरू आडेनं
पिल्लू आधी दाखवलंच नाही.
म्हणाला, घर कसलंय?
लातुरात. दोन खोल्या, तिसरा मजला.
नळ?
दहा दिवसाला.
दिवसभर कोण असतंय?
मी गप्प.
सुलूची शिफ्ट, माझं झेरॉक्सचं दुकान.

मग त्यानं पिल्लाच्या आईला सोडलं.
ज्वारीच्या धसकटातनं ती अशी गेली की
आमचा जिना, गच्ची, पार्किंग
दोन झेपांत संपलं.

‘हिला काम लागतंय.
नसलं तर दार खाईल तुमचं.’

पोरानं हात पुढं केला.
तिनं हुंगला,
आणि परत रानाकडं बघत बसली.

बसमध्ये खिडकीपाशी पोरगं झोपलं.
गंजगोलाईतनं आणलेला पट्टा, लेबलासकट,
उदगीर रोड लागेपर्यंत
मी बोटाला गुंडाळत होतो,
सोडत होतो.