खिडकीतली मोजणी

आमच्या एर्त्सगेबिर्गच्या डोंगरात मुलगा झाला की
खिडकीत लाकडी खाणकामगार उभा राहायचा,
मुलगी झाली की पंखवाली देवदूत.
दोघांच्याही दोन्ही हातांत एकेक मेणबत्ती.
नाताळाच्या आधी रस्त्यानं जाणारा माणूस
बर्फात थबकून मोजायचा :
इथं चार पोरं, इथं दोन,
आणि त्या कोपऱ्यावरच्या घरात
यंदा एक वाढलं वाटतं.

त्याआधी म्हणे नुसता दिवाच होता.
माणसं पहाटेच्या अंधारात खाली उतरायची,
दिवसभर अंधारात चांदी खणायची,
वर यायची तेव्हा वरही अंधारच.
हिवाळाभर सूर्य भेटायचा रविवारी,
तोही चर्चच्या काचेतून गाळून.
मग कुणा बाईनं तावदानाशी दिवा ठेवला.
सणासाठी नव्हे,
नवरा वाटेत खड्ड्यात पडू नये म्हणून.
शेजारणीनं पाहिला, तिनंही ठेवला.
सणानं तो पुढं कधीतरी
आपल्या नावावर करून घेतला.

चांदी संपली. मागोमाग कथील.
रिकाम्या हातांनी लाकूड धरलं.
पणजोबा ओटोमार लेथवर लिंडन फिरवून
आपल्याच सोबत्यांच्या बाहुल्या करू लागले :
छातीत धूळ घेऊन गेलेल्यांना
गुलाबी गाल, काळी टोपी, सोनेरी बटणं,
आणि डझनाच्या भावानं
न्यूरेम्बर्गच्या व्यापाऱ्याला.

आजी लिडीच्या खिडकीत
तीन खाणकामगार, दोन देवदूत.
घरात पोरं मात्र चार.
पाचवी तीन दिवस जगली, नाव ठेवायच्या आत गेली.
आजोबा म्हणाले, लोक चुकीचं मोजतील.
वात कातरता कातरता आजी म्हणाली,
तुमची मोजणी खाणीत.
खिडकी माझी.

युद्धानंतर त्याच डोंगरात
रशियनांना दुसरंच काही सापडलं,
जे चांदीसारखं चकाकत नव्हतं.
वडील तिकडं लागले. पगार दुप्पट,
वर दारूची कुपनं.
लोक हसून सांगायचे, सरकारी कारखान्याच्या यादीत
देवदूताला आता देवदूत म्हणत नाहीत,
‘वर्षअखेरची सपंख आकृती’ म्हणतात.
आजीनं ते ऐकलं
आणि सपंख आकृतीच्या नाकावरची धूळ
थुंकी लावून पुसली.

माझ्यासाठी नवी बाहुली आलीच नाही.
दोघींतली एक तुझी, आजी म्हणाली.
कोणती, ते मी विचारलं नाही.

नाताळच्या आदल्या रात्री नऊ पदार्थ :
सॉसेज, मसूर, आंबट कोबी, बटाट्याचे गोळे,
बाकीचे मला कधीच क्रमानं आठवत नाहीत.
चादरीखाली गवताच्या चार काड्या,
ताटाखाली नाणं, म्हणजे वर्षभर पैसा.
आणि जेवण होईस्तोवर
आईशिवाय कुणी उठायचं नाही.
उठेल तो पुढच्या पंगतीला नसतो.

मी नऊ वर्षांची होते.
मसुरावर वडिलांना खोकला लागला.
त्यांनी तो दाबला, रुमाल तोंडाशी धरला,
डोळे लाल झाले, टेबलाची कड पकडली.
मग खुर्ची सरकली.
आम्ही सगळ्यांनी
आपापल्या ताटात पाहिलं.

आता मी लाइपझिगला असते. गुडघे चढ चढत नाहीत.
ते घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक नाही.
बाहुल्यांच्या हातात वायरी घातल्यात,
टायमर दुपारी चारला लागतो, दहाला विझतो.
चोर येऊ नयेत म्हणून, मी सांगते विचारणाऱ्याला.

परवा शेजारच्या रॉस्वीटाचा फोन आला.
तिच्याकडं नातू आलाय, चार वर्षांचा,
रोज संध्याकाळी तुझ्या खिडकीसमोर उभा राहतो.
आत्ता विचारत होता,
त्या घरातली पाच मुलं
बर्फात खेळायला का येत नाहीत?