नऊच्या आतला हिरवा

शहापुरात आमच्या दुकानाला पाटी नाही.
जिन्याखालची जागा, एक चटई,
खिळ्याला टांगलेल्या रेशमाच्या लडी,
आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा,
ज्याला दोरा अडकवून मी बसते सकाळपासून.
अंगठ्याला खाच पडली आहे.
अप्पांच्याही होती, अगदी याच जागी.

अप्पा म्हणायचे, लाल खडा कुणीही ओळखेल.
हिरवा बघावा तो उंबऱ्यात बसून, नऊच्या आत.
ट्यूबलाइटखाली हिरवा साफ खोटं बोलतो.

भरमाक्का आली ती हलशीची पहिली बस धरून.
पदराची गाठ सोडली, एकदाणी चटईवर ठेवली:
सोन्याचे दोन मणी, मग एक हिरवा,
पुन्हा दोन, पुन्हा एक,
आणि एका ठिकाणी नुसताच दोरा.
"पच्चे बिद्दु होतु," ती म्हणाली,
मग माझ्याकडे बघून तेच मराठीत,
"पाचू पडला की हो, लावणीच्या चिखलात.
चार दिस शोधूलालोय.
रोप हिरवं, खडा हिरवा, काय सापडतंय?"

पच्चे म्हणा, पाचू म्हणा,
चिखलाला दोन्ही सारखेच.

साडेआठ झाले होते.
उरलेले अकरा मी उंबऱ्यात नेऊन
एकेक करून उन्हात धरले.
सातव्यात एक बुडबुडा दिसला,
मोहरीएवढा, गोल,
काचेत अडकलेला कुणाचा तरी श्वास.
मग बाकीच्यांत शोधावाच लागला नाही.

ते ठीक होतं. काच मी रोज ओवते.
पण दोऱ्याची गाठ उलगडायला घेतली
आणि हात थांबला.
डावीकडे पीळ, दोनदा, वर मेणाचा थेंब.
अशी गाठ या पेठेत एकच माणूस मारायचा.

मी काही बोलले नाही.
खणातले सगळे हिरवे काढून मांडले:
मरगज, हकीक, जयपूरचा मुगाच्या सालीसारखा,
एक कैरीच्या कोयीजवळचा, जवळजवळ पांढरा.
एकही जुळेना.
तिच्या अकरांवर तीस वर्षांची मान होती,
घाम, हळद, खोबरेल,
उन्हात वाकलेली पाठ.
तसला हिरवा कुठल्या व्यापाऱ्याकडे मागायचा?

"तुमच्या अप्पांनीच ओवलेली," ती आपणहून म्हणाली.
मी मान वर केली नाही.
"त्यांनी तेव्हाच सांगितलेलं, बाई, काच हाय ही.
मीच म्हटलं, असू दे की,
पण देताना चारचौघांत पाचू म्हणा.
मोठ्यानं म्हणाले बघा ते, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.
नावाचे पैसे मात्र घेतले नाहीत."

हसली ती. वरच्या दोन दातांत फट आहे तिच्या.
मी हसले की नाही, आठवत नाही.
अंगठ्याचा दोरा मात्र एकदम सैल पडला
आणि तीन मणी घरंगळत मोरीपर्यंत गेले.
दोघी गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो.

शेवटी मी हिरव्या रेशमाच्या सात पदरांचा
एक घट्ट गोंडा वळला, खड्याच्या मापाचा,
मेणात बुडवला, नखानं गोल केला,
आणि रिकाम्या जागी बसवून
त्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारली.
डावीकडे पीळ, दोनदा.

तिनं आरशात बघितलं, मग आरसा बाजूला ठेवून
बोटानं चाचपून बघितलं.
"ह्यो मऊ लागतोय."
"पाण्यात घालू नका," मी म्हटलं.
"लावणीला काढून ठेवीन की," ती म्हणाली,
पण ती ठेवणार नाही, हे तिलाही ठाऊक, मलाही.

चाळीस रुपये झाले. तिनं पन्नास दिले,
सुटे नव्हते, तर दहाच्या बदल्यात म्हणाली,
"आता तुमी म्हणा. मोठ्यानं म्हणा."

रस्त्यावर भाजीची गाडी होती, दोन पोरं,
समोरचा टेलर अर्ध्या शिवणीत.
पाटी नसलेल्या दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहून
मी म्हणाले.