कारणे लेखी नमूद करून

साहेब बोलतात, मी टाइप करते.
अठरा वर्षं झाली. बोटांना आता कलमं पाठ आहेत,
मला नाहीत.

आरोपी भुपाल आप्पासो मगदूम, उर्फ भुप्या, वय एक्केचाळीस,
धंदा हमाली, राहणार हरिपूर.
'राहणार हरिपूर' साहेबांनी खोडायला लावलं.
दोन वर्षं तो हरिपूरला राहणार नव्हता,
प्रांतांचा तसा हुकूमच होता.
सध्या राहणार कोथळी, म्हणजे समोरचा काठ.
जिल्हा नदीच्या मध्यावर कुठंतरी संपतो.
पाण्यावर रेघ वगैरे काही नाही.

सरकारी वकिलांनी यादी वाचली.
दोन हजार नऊ : मार्केट यार्डात भांडण, हमालीचा आकडा एकाच्या खांद्यात.
तेरा : हळदीची दोन पोती.
सोळा : पुन्हा आकडा, पुन्हा खांदा, माणूस वेगळा.
सगळ्या शिक्षा भोगून झालेल्या.
या तिन्हींच्या जोरावर तडीपारी झाली,
आणि तडीपारी मोडली म्हणून आज किती द्यायचे
तर पुन्हा हीच तिन्ही.

माझे वडील यार्डात तोलार होते.
एकच पोतं दोनदा काट्यावर आलं
तर ते बोलत काही नसत,
पेन्सिल कानामागे ठेवून देत.

"हुकूम माहीत होता ना? मग का आलास?"

पोरगं पहिल्यांदा पेवात उतरणार होतं, साहेब.
नुकतं अठरा लागलंय. सगळ्याची घाई.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा असतो.
कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही.
फोनवर सांगितलं होतं मी.
फोनवर हो म्हणालं.

साहेब बराच वेळ खिडकीकडे बघत होते.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
कायदा म्हणतो, किमान सहा महिने.
त्याहून कमी द्यायचे तर कारणे लेखी नमूद करून.
"कारणे," साहेब म्हणाले.
मी टाइप केलं : कारणे
आणि कर्सर तिथंच लुकलुकत राहिला.
मी बोटं उचलून धरली होती,
त्यांना माझ्याआधी वाटलं असावं काहीतरी.

मग त्यांनी यादीचा कागद परत ओढला.
नऊ. तेरा. सोळा.
"तो शब्द काढा."
काढला.
आरोपीचे पूर्वदोष पाहता आठ महिने साधी कैद,
हजार रुपये दंड,
अटकेतले अकरा दिवस वजा.

सहीला तो माझ्या टेबलाशी आला.
अकरा दिवसांनीही नखांत पिवळं होतं.
पोलीस दाराकडे वळला तेवढ्यात त्यानं हळूच विचारलं,
साहेबांना नाही, मला :
"बाई, कंदील विझला होता त्या दिवशी.
ते आलंय का त्यात?"

मी कागदावर शोधल्यासारखं केलं.
बाहेर पुढच्या नावाचा पुकारा झाला.