जाळी वापरू नये

शार्लरॉय, जानेवारी. सव्वातीनला पंप थांबला
आणि त्या शांततेनंच मला जाग आली.

सत्तावीस वर्षं या खोलीत पाणी वाहतं आहे,
काचेच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत, जोरात.
मातादीच्या वरच्या खळाळातले हे मासे,
साचलेलं त्यांना मानवत नाही.

पपा गेले. मासे राहिले, तीन.
थोरला वीतभर, ठिपकेदार.
दिवसभर मातीच्या पाइपात, मिशा तेवढ्या बाहेर,
दाराशी कुणी चपला काढून ठेवाव्यात तशा.

मामां म्हणायची,
लोकांचे नवरे कुत्रं पाळतात,
माझा कालवणातली वस्तू पाळतो.
पपा हसायचे
आणि काकडीच्या चकतीला चमचा बांधून
हळूच तळाशी सोडायचे.

वहीत त्यांचं अक्षर:
दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलणे.
जाळी वापरू नये. काटे ताठ करतो, अडकतो.
अडकलाच तर जाळी कापावी.

बाहेर काढला की ओरडतो तो,
गंजलेल्या बिजागरीसारखा.
लहानपणी मी कान झाकायचे.
रागावला नाहीये गं, नाव सांगतोय, पपा म्हणायचे.
खोटं. घाबरलेला असायचा.
परदेशी नागरिकांच्या कचेरीत, काचेपलीकडच्या बाईला
पपा नाव सांगायचे: म्बेन्झा लुकेबा,
पुन्हा एकदा, अक्षरं सुटी करून,
तेव्हा हाच आवाज.

पारा पंचविसावरून तेविसावर.
पेटीभोवती रजई गुंडाळली,
जगनं पाणी उचलून उंचावरून ओतत बसले.
उचल, ओत. उचल, ओत.
खांदा भरून आला.

खालच्या मजल्यावरची जिस्लेन दार वाजवून म्हणाली,
गळतंय काय?
मी बोट दाखवलं.
ती बघत राहिली. मग खाली जाऊन
गॅसवर पाणी तापवून दोन रबरी पिशव्या घेऊन आली,
आणि न विचारता जग माझ्या हातातून घेतला.
कोळशाच्या खाणीत बाप गेलेली बाई.
काही बोलली नाही. ओतत राहिली,
माझ्यापेक्षा उंचावरून.

सहाला पंप खोकला, मग लागला.
थोरला पाइपातून आला,
पोट वर करून लाकडाची खालची बाजू
चाटत निघाला, कधीच काही झालं नाही असा.

उलटाय की तो, जिस्लेन म्हणाली. मेला काय?

नाही, म्हटलं. जेवतोय.