भूलचूक देणे घेणे

सर्जननं कार्ड घेतलं.
खाटेनं घेतलं, सलाईननं घेतलं,
रक्त काढणाऱ्या पोरानंही
उलटसुलट करून घेतलं.
मग काउंटरवरची बाई
रजिस्टरमधून मान न काढता म्हणाली,
भुलीचे वेगळे.
आठ हजार, रोख. भूलवाले बाहेरून येतात.

मी म्हटलं, म्हणजे कापणं फुकट
आणि न दुखणं विकत?
ती म्हणाली, पुढचे या.

आमच्या ह्यांचं नाव आधार.
माणूसही आधार, कार्डही आधार,
प्रत्येक खिडकीत हा विनोद एकदा होतो
आणि आम्ही हसतो, लाईन सरकावी म्हणून.
पारोळ्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.
वीस लग्नसराया पोटातून फुंकलं
तर पोटच बाहेर आलं,
आधी लिंबाएवढं, मग कवठाएवढं.
लाल कोटाच्या आत
माझ्या जुन्या पातळाची पट्टी
मी आवळून बांधायचे,
वरून सोनेरी बटणं.

बँडच्या बिलबुकामागे नंबर लिहीत गेले.
अमळनेरला एक होते. योजना म्हणताच फोन बंद.
धुळ्यात दोन. पहिल्यांचा कंपाउंडर खरं बोलला:
ताई, सरकारचे पैसे येतात सहा महिन्यांनी,
तेही दवाखान्याच्या खात्यात,
आमच्या साहेबांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?
तेही खोटं नव्हतं.
राग धरायला जागाच मिळेना.
दुसरे म्हणाले, मंगळवारी करा.
मंगळवारी म्हणाले, कुठला मंगळवार?
सरकारी दवाखान्यात टेबल होतं, दिवे होते,
दारावर भूलतज्ज्ञ अशी नवी रंगवलेली पाटी होती,
आत खुर्चीवर सतरंज्यांची चळत.

दिवसभर दालमिलमध्ये तूर निवडते मी.
खडा इकडे, डाळ तिकडे, बोटांना कळतं.
डॉक्टर असे निवडता येत नाहीत.
रात्री बिलबुक चाळलं,
प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं,
भूलचूक देणे घेणे.
चूक तर आमच्याकडे भरपूर होती.

मिलमधल्या सुगराबीनं नंबर दिला,
तिच्या सुनेच्या सिझरच्या वेळचा.
चोपड्याच्या डॉक्टर शमीम तडवी.
फोनमागे कसलं तरी यंत्र टिकटिकत होतं.
वजन किती? दमा? तंबाखू?
मी म्हटलं, बाई, कार्ड आहे आमच्याकडे.
सकाळी पाणीसुद्धा देऊ नका, त्या म्हणाल्या.
मी परत म्हटलं, कार्ड.
ऐकलं मी, त्या म्हणाल्या.

गुरुवारी साडेसहाला आल्या.
तोंड दिसलं नाही, मास्क होता,
पायात सपाता, हातात स्टीलचा डबा.
दार लागलं.

आतलं ह्यांनीच नंतर सांगितलं.
कमरेत सुई दिली, खालचं अंग कोणा दुसऱ्याचं झालं,
आणि त्या डोक्याशी स्टुलावर बसून राहिल्या.
विचारत होत्या, वरात निघताना पहिलं काय वाजवता?
ह्यांची बोटं आपोआप हवेत चालली,
भोकं झाकत, उघडत.
हात हलवू नका, त्या म्हणाल्या, सुई निघेल,
नुसतं सांगा.
तर ह्यांनी तोंडानं सांगितलं,
अख्खी वरात, वेशीपासून मांडवापर्यंत.

दुपारी डावा अंगठा हलला.
मग डोळे उघडून पहिला प्रश्न,
कितला दिनात?
काहीच नही, मी म्हटलं.
विश्वास बसला नाही.
हात उचलून, सलाईनच्या नळीसकट,
माझ्या कानाची पाळी चाचपली.
फूल जागेवर होतं.
दुसरा कानही पाहिला.

आता गल्लीत कोणी ना कोणी येतं,
तो चोपड्याचा नंबर द्या म्हणून.
देते. नाही कशी म्हणणार?
पण आकडे सांगताना दर वेळी वाटतं,
सगळ्या गावाचे हंडे
एकाच दोराला बांधतेय मी.